पिल्लाला उचलून पाण्यात का सोडू नये?

कोकणात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले पाहून आलेल्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक वाटले. उरलेले दोन प्रश्न त्याच विषयाला धरून आहेत.

प्रश्न : मार्च महिन्यात आम्ही सहकुटुंब वेळासला गेलो होतो. स्वयंसेवकांनी टोपलीतील पिल्ले ओल्या वाळूवर सोडली तेव्हा पाणी दहा-पंधरा पावलांवर होते. एक पिल्लू पायाच्या ठशात उलटे पडून धडपडू लागले. माझा मुलगा त्याला उचलून पाण्यात ठेवायला निघाला, तेव्हा त्याला दोरीमागेच थांबण्यास सांगण्यात आले. मुक्या जीवाला मदत करण्यात वावगे ते काय? (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : आपल्या मुलाची कळकळ समजण्यासारखी आहे, परंतु त्याला थांबवले हे योग्यच झाले. वाळूवरचे ते अंतर आपल्याला अडथळ्यासारखे दिसते, पण समुद्रातील पुढच्या प्रवासाची तयारी तेथेच सुरू होते.

यासाठी थोडे मागे जावे लागेल. मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल आणि तळाशी रुंद असा खड्डा खणते, त्यात टेबल टेनिसच्या चेंडूसारखी शंभरेक अंडी घालते आणि वाळू लोटून तो बुजवते. त्यानंतर ती आपल्या अंगाचा भार एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाकत ती जागा कवचाने अक्षरशः चोपून काढते. हे काम आटोपले की ती समुद्राकडे वळते, ती त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिल्ले अंडी फोडतात आणि एकमेकांच्या धडपडीच्या रेट्याने वर सरकू लागतात. वरची वाळू तापलेली असेल तर ती पृष्ठभागाखालीच थबकतात आणि वाळू निवल्यावर बाहेर येतात, त्यामुळे नैसर्गिक घरट्यांतून पिल्ले बहुधा रात्रीच निघतात. कोकणातील संवर्धन केंद्रे ती पहाटे किंवा सायंकाळी सोडतात, त्यामागेही उन्हाचा हाच विचार असतो.

बाहेर आलेले पिल्लू क्षितिजाच्या उजळ बाजूकडे जाते, कारण रात्री झाडी आणि टेकाडांच्या काळोख्या बाजूपेक्षा समुद्राची बाजू अधिक प्रकाशमान असते. म्हणून मोबाइलचा टॉर्च लावणारा एक हौशी पर्यटक सगळ्या पिल्लांची दिशा चुकवू शकतो. पाण्यात शिरल्यावर ते येणाऱ्या लाटेला तोंड देऊन पोहते, त्यामुळे ते किनाऱ्यापासून दूर जाते. लॉगरहेड या दुसऱ्या एका सागरी कासवाच्या पिल्लांवरील प्रयोगांत असे दिसून आले, की सुरुवातीला प्रकाशाने किंवा लाटेने मिळालेली दिशा ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे पुढेही टिकवून धरतात. आपण उचलून पाण्यात ठेवलेल्या पिल्लाला वाळूवर दिशा पकडण्याची ही संधी मिळत नाही. पिल्लाच्या पोटात अंड्यातील बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो आणि त्यावर त्याला पहिले काही दिवस काढायचे असतात. उचलून हाताळण्यात, छायाचित्रासाठी तळहातावर धरण्यात त्याची जी तडफड होते, तीत हीच शिदोरी खर्ची पडते.

उलटे पडलेले पिल्लू मान आणि पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांचा जोर लावून बहुतेक वेळा स्वतःच सरळ होते. ज्याला ते अगदीच जमत नाही, त्याच्याकडे स्वयंसेवक लक्ष देतात. तो खड्डा मात्र कोणाच्या तरी पायाने पडलेला होता, हे आपल्याच पत्रात आले आहे. दोरी बांधली जाते ती नेमकी याचसाठी.

मग अंडी मुळात घरट्यातून काढून संवर्धन केंद्राच्या कुंपणात का नेतात, असे आपण विचाराल. कोल्हे, कुत्री, मुंगूस आणि खेकडे घरटी उकरतात, आणि पूर्वी माणसेही अंडी नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये वेळास येथे (नाना फडणवीसांचे मूळ गाव ते हेच) संवर्धनाला सुरुवात केली आणि पुढे अंजर्ले, केळशी, दिवेआगर असे एकेक किनारे या कामाला जोडले गेले. अंडी हलवण्याचे काम घातल्यानंतर थोड्याच तासांत आणि ती न फिरवता करावे लागते, कारण गर्भ एकदा कवचाला आतून चिकटला की अंडे उलटसुलट झाल्यास तो दगावतो. आणखी एक गोष्ट जपावी लागते ती वाळूच्या तापमानाची. या कासवांत नर-मादी जनुकांनी ठरत नाहीत. साधारण 29 अंश सेल्सिअसच्या खाली नर अधिक निपजतात, आणि 31 अंशांच्या वर जवळजवळ सर्व माद्या. कुंपणावर सावलीची जाळी अंथरलेली दिसते, तिचा संबंध याच्याशी आहे.

प्रश्न : मादी स्वतः जन्मलेल्या किनाऱ्यावरच अंडी घालायला येते, असे आम्ही मुलांना शिकवतो. हे कितपत खरे आहे? (एक शिक्षिका, सिन्नर)

उत्तर : ढोबळमानाने खरे आहे, पण ‘त्याच वाळूवर’ असे शिकवू नये, ‘त्या परिसरात’ म्हणावे. वयात येण्यास या कासवाला 10 ते 15 वर्षे लागतात. त्यानंतर माद्याच काय त्या जमिनीवर येतात, नर एकदा समुद्रात गेला की सहसा परत येत नाही. ओडिशातील गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे काही रात्रींत हजारो माद्या एकत्र किनाऱ्यावर चढतात, तर आपल्याकडे त्या एकेकट्या येतात. ऑलिव्ह रिडले ही सागरी कासवांमधील सर्वांत लहान जातींपैकी एक असून प्रौढ मादीचे कवच साधारण दोन फूट लांब आणि वजन 35 ते 50 किलो असते. एवढ्याशा शरीराने ती समुद्र पालथा घालते.

2022 च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या मादीला उपग्रह टॅग लावण्यात आला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडलेला असा टॅग लावण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याहून विचार करायला लावणारी घटना 2025 मधील आहे. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे वेगवेगळी राहतात ही समजूत त्यामुळे सैल झाली आहे. वर्गात ‘जन्मभूमीची ओढ’ म्हणून गोष्ट रंगवताना या मादीचाही उल्लेख करावा, म्हणजे मुलांचे प्रश्न वाढतील.

प्रश्न : घरात वास्तूसाठी आणलेले एक लहान कासव आहे. ते गोदावरीत सोडले तर समुद्रापर्यंत पोहोचेल का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : कृपया सोडू नये. गोदावरी ब्रह्मगिरीहून निघून 1,465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिच्या मुखापाशी काकीनाड्याजवळच्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले अंडीही घालतात. परंतु ती कासवे वेगळी आणि आपले वेगळे. सागरी कासवाच्या डोळ्यांजवळ जास्तीचे मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात (अंडी घालताना ‘रडणारी’ मादी दिसते ती यामुळे) आणि त्यांचे पाय वल्ह्यांसारखे असतात. गोड्या पाण्यातील कासव समुद्रात टिकत नाही. दुकानांत विकले जाणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवट कासव तर मूळ अमेरिकेतले आहे. ते नदीत सोडल्यास गोदावरीतील मऊ पाठीच्या देशी कासवांच्या अन्नावर आणि जागेवर डल्ला मारते. आपल्याजवळचे तारा कासव असेल, तर ते जमिनीवर राहणारे आहे, पाण्यात बुडून मरेल.

तारा कासव आणि गोड्या पाण्यातील बहुतेक देशी कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चे संरक्षण आहे, त्यामुळे ती घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवून प्राणी त्यांच्या स्वाधीन करावा. तोपर्यंत पाण्यातील कासवाला उथळ पाणी आणि चढून बसण्यापुरती कोरडी जागा द्यावी, आणि रामकुंडावर नेऊन सोडण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा.