आधी मनगटावरचे वण पाहा

सप्रेम नमस्कार,

कराडहून आलेले आपले पत्र तीन पानांचे आहे आणि त्यातील जवळपास अडीच पाने गुण, शिकवण्या व प्रवेश यांविषयी आहेत. आपला 14 वर्षांचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा नववीत आहे, त्याला सहामाहीत 52 टक्के मिळाले, आणि त्याने संगणक अभियंता व्हावे यासाठी अकरावी विज्ञान बरे की दहावीनंतर पदविका, असे आपण विचारले आहे. अखेरच्या पानावर मात्र एक वाक्य जाता जाता आले आहे: "हल्ली तो स्वतःचे मनगट चावतो, म्हणून त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो." मी त्या वाक्यापाशी थांबले आहे. शर्टाची बाही हे त्यावरचे उत्तर नव्हे.

पत्रातूनच त्याचा दिवस मी मांडून पाहिला. पहाटे पाचला उठून पाठांतर, मग शाळा, मग तीन विषयांच्या शिकवण्या, आणि रात्री आपण स्वतः घेता ती उजळणी. या सगळ्याच्या जोडीला दिवसभर टोकणे आहेच: हात हलवू नकोस, तेच तेच वाक्य बोलू नकोस, बोलताना माझ्या डोळ्यांत पाहा. वर्गातल्या पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची थरथर, बाक सरकवल्याचा आवाज हे आपल्याला जाणवतही नाही. पुष्कळ स्वमग्न मुलांना ते सोसवत नाही, आणि हात हलवणे हा स्वतःला सावरण्याचा त्यांचा मार्ग असतो. तो मार्ग आपण बंद केला आणि गोंगाट तसाच ठेवला, तेव्हा त्याच्या हाती स्वतःचे मनगटच उरले, असे मला वाटते. शाळेत शांत असतो आणि घरी येऊन आकांत करतो, याला आपण नाटक म्हटले आहे. दिवसभर दाबून धरलेले, जिथे सुरक्षित वाटते तिथे बाहेर पडते. त्यात नाटक नाही. स्पष्टच लिहिते: "त्याला इतर मुलांसारखे करायचे आहे" हा आपला आग्रह त्याच्या कोणत्याही परीक्षेपेक्षा अवघड आहे, आणि त्यात त्याची इतकी शक्ती जाते की शिकण्यासाठी फारसे काही उरत नाही.

पहाटेची उठवणी आजपासून बंद करावी आणि तीनपैकी दोन शिकवण्याही. त्याला डॉक्टरांकडे नेऊन दात, कान आणि पोट तपासून घ्यावे, कारण दुखणे शब्दांत सांगता न येणारे मूल ते अशा रीतीने सांगते. त्यानंतर दोन आठवडे एक वही ठेवावी: चावले तेव्हा वेळ कोणती होती, जागा कोणती, त्याआधी काय घडले आणि त्यानंतर आपण काय केले. कारण बहुधा त्या "आधी"च्या रकान्यात सापडते. तोवर शिक्षा करू नये, हात धरून ठेवू नयेत; चावण्यासाठी निर्धोक वस्तू कोणती द्यावी, हे व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञ सांगतील.

वर्गशिक्षकांनी चिडून "घरी जायचे आहे का?" असे विचारले, हा "हो" म्हणाला आणि दप्तर उचलून निघाला, म्हणून शाळेने त्याला उद्धट ठरवले आणि आपणही रागावलात. विचारलेल्या प्रश्नाचे त्याने खरे उत्तर दिले होते. त्याच्याशी बोलताना आडवळण नसावे. "पटकन आवर" यातून त्याला काहीच कळत नाही. "आधी दप्तर भर, मग बूट घाल" हे कळते. सांगून झाल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे, तेच वाक्य वरच्या पट्टीत पुन्हा म्हणू नये. दिवसाचा क्रम कागदावर लिहून भिंतीवर लावावा आणि त्यात बदल होणार असेल तर आदल्या दिवशी सांगावे. हे एका पानावर लिहून आपण स्वतः शाळेत नेऊन द्या.

आता भाषेविषयी. तो पाच वर्षांचा असताना "दोन भाषांनी मूल गोंधळते, एकच ठेवा" असे कोणी सांगितले, शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून आपण घरात त्याच्याशी फक्त इंग्रजी बोलू लागलात, आणि इंग्रजी न येणारी त्याची आजी नऊ वर्षे त्याच्याशी जवळजवळ बोललेली नाही. हे वाचून मला फार वाईट वाटले. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता येत नाही, वाढत नाही आणि बोलणेही मागे पडत नाही. द्विभाषक घरांतील स्वमग्न मुलांच्या अभ्यासांतून हेच पुन्हा पुन्हा दिसले आहे. उलट आईवडील आपल्या सवयीची नसलेली भाषा बोलू लागले की लाड, गोष्टी, चिडवाचिडवी गळून जाते आणि सिट, ईट, कम, डोन्ट एवढेच उरते. आजींना आजपासूनच त्याच्याशी मराठीत बोलू द्या.

अकरावी विज्ञान, पदविका, आयटीआय हे मार्ग कुठे पळून जात नाहीत, आणि गरज पडल्यास मुक्त विद्यालयातून एकेक विषय देता येतो. स्वमग्न मुले संगणकात हुशार असतातच, असेही नाही. आपल्या मुलाला कराड आगारातून सुटणाऱ्या एसटी गाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत, हे आपण "वेड" म्हणून लिहिले आहे. मी तिथूनच सुरुवात करीन. 18 व्या वर्षापर्यंत त्याला एकट्याने उंब्रजला जाऊन परत येता यावे, तिकिटाचे सुटे पैसे मोजून घेता यावेत, स्वतःपुरते पोहे करता यावेत आणि "मला त्रास होतो आहे, थांबा" असे सांगता यावे, हा माझ्या मते त्याचा खरा अभ्यासक्रम आहे. नोकरी टिकते ती यावर. क्रम, वेळ आणि नोंदी यांत रमणाऱ्या मुलासाठी कोठार, ग्रंथालय, आवक-जावक अशी कामे असतात. पण त्यासाठी आधी घराबाहेर पडता आले पाहिजे.

बहिणीच्या लग्नात अडचण नको म्हणून आपण त्याचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढलेले नाही. ही भीती मी समजू शकते, पण तिची किंमत तो मोजतो आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो आणि सरकारी नोकऱ्यांतील 4 टक्के आरक्षणाचा मार्गही खुला होतो. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक हवा असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज जावा लागतो, म्हणून हे काम याच वर्षी करावे.

दोन आठवड्यांनी वहीची पाने मला पाठवा. त्यात गुणांचा उल्लेख नसला तरी चालेल; तो आजीशी काय बोलला, ते मात्र अवश्य लिहा.