केनिया आणि युगांडाच्या शिलिंगांचे डॉलरमधले दर भागून मी वर्षवार तक्ता करतोय. त्यात १९६६ साली केनियाच्या एका शिलिंगला युगांडाचे ०.०१ शिलिंग येतात, ते बरोबर आहे का?

नाही. १९६६ साली केनियाचा एक शिलिंग म्हणजे युगांडाचा एक शिलिंग. पूर्व आफ्रिकेचा सामाईक शिलिंग बाजूला ठेवून केनिया, युगांडा आणि टांझानियाने त्याच वर्षी आपापला शिलिंग काढला. तिघांची किंमत सारखीच, डॉलरला ७.१४. दोघांचे डॉलरमधले दर घेऊन तुम्ही भागाकार केलात, ती रीत योग्यच आहे. पण युगांडासाठी घेतलेला ०.०७१४ हा आकडा नव्या शिलिंगातला आहे. मे १९८७ मध्ये युगांडाने चलनातली दोन शून्यं उडवली, शंभर जुन्यांचा एक नवा केला. आकडेवारी ठेवणाऱ्यांनी मग मागची सगळी वर्षंही शंभराने भागून टाकली. तेव्हा कुणाच्या खिशात नसलेला शिलिंग तुमच्या तक्त्यात आला आहे.

उत्तर इथेच संपवता आलं असतं. पण नेमक्या याच आकड्यापायी युगांडाच्या राजधानीत, कंपालात, एका म्हाताऱ्या माणसावर चोरीचा आळ आलेला मी पाहिला आहे.

१९९८ साली मी तिथे लोखंड-सिमेंटच्या एका व्यापारी कंपनीच्या शाखेत हिशेब बघायचो. मुख्य कचेरी केनियात, नैरोबीला, आणि तिथे वित्त सांभाळणारे साहेब म्हणजे माझे थोरले साडू. मला चिकटवलं होतं त्यांनीच. शाखेतले जुने हिशेबनीस युगांडाचेच, साठी ओलांडलेले. तिकडे वडीलधाऱ्याला 'म्झे' म्हणतात, आम्हीही त्यांना म्झेच म्हणायचो.

फेब्रुवारी १९८७ मध्ये नैरोबीने कंपालाला एक लाख केनियन शिलिंग उसने दिले होते. त्या वेळी युगांडाचा सरकारी दर डॉलरला १४०० होता आणि केनियाचा सोळाच्या आसपास, म्हणजे केनियाच्या एका शिलिंगला युगांडाचे साडेसत्त्याऐंशी. म्झेंनी व्हाउचरवर ८७ लाख ५० हजार लिहिले. मे महिन्यात नोटा बदलल्या, खातेवहीत ती रक्कम ८७,५०० झाली. काहीही चुकलेलं नव्हतं.

अकरा वर्षांनी साडू तपासणीला आले ते नाणेनिधीच्या आकडेवारीचं जाडजूड पुस्तक घेऊन. त्यात १९८६ चा दर होता १४, आणि व्हाउचर लिहिलं होतं १४०० ने. त्यांनी निकाल लावला की म्झेंनी ८७ लाख उचलले आणि खात्यात शंभरावा भाग दाखवला.

मी म्हटलं, "भाऊ, दोन शून्यं गेली ना मध्ये."

"गेली असती तर आधीच्या वर्षाला १४०० छापलं असतं. छापील पुस्तक खोटं आणि तुझा म्हातारा खरा?"

मी त्याच मालिकेतली १९६६ ची ओळ त्यांच्यापुढे धरली. "इथे ०.०७ आहे आणि केनियाला ७.१४. त्या वर्षी दोन्ही शिलिंग सारखे होते, हे नैरोबीतला कुठलाही जुना दुकानदार सांगेल."

"छपाईची चूक असेल," म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

म्झेंनी ड्रॉवरमधून बदलायची राहून गेलेली एक हजाराची जुनी नोट काढली आणि टेबलावर ठेवली. "ही दहाची, साहेब. कर कापून सातच." नोटा बदलताना सरकारने तीस टक्के कर कापला होता, त्याबद्दल ते बोलत होते. साडूंनी नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. म्झेंच्या निवृत्तीच्या रकमेतून पैसे कापले गेले. मी दोन पानी खुलासा लिहून नैरोबीला पाठवला, त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

तर तुमच्या तक्त्याबद्दल. मे १९८७ च्या आधीचा युगांडाचा प्रत्येक आकडा शंभराने गुणा, म्हणजे त्या काळचा दर मिळेल. मग भागाकार केलात की जून १९८१ पर्यंत केनियाच्या एका शिलिंगला युगांडाचा एकच्या आसपासच दिसेल. त्या महिन्यात युगांडाने शिलिंग मोकळा सोडला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला, आणि तो जवळपास दहापट घसरला. १९८७ ची वार्षिक सरासरी तर वापरूच नका. मे मध्ये डॉलरचा दर १४०० जुन्यांवरून ६० नव्यांवर, म्हणजे ६००० जुन्यांवर गेला. त्याची सरासरी ना धड आधीची ना नंतरची. त्या वर्षासाठी महिन्याचेच आकडे घ्या. अलीकडचं सोपं आहे. २००० च्या सुमारास एका केनियन शिलिंगला युगांडाचे बावीसेक, २०१९ मध्ये छत्तीस, २०२४ च्या सुरुवातीला केनियाचा शिलिंग ढासळल्यावर चोविसाच्या आसपास आणि नंतर पुन्हा अठ्ठावीसेक.

युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या काळातल्या (१९७१ ते १९७९) सरकारी दरावर माझा काडीचाही विश्वास नाही. त्या दराने कुणाला डॉलर मिळत नव्हता, सगळा व्यवहार मगेंडोत, म्हणजे काळ्या बाजारात. १९९० मध्ये युगांडाने परकीय चलनाची खाजगी दुकानं कायदेशीर केली, १९९३ मध्ये केनियाने शिलिंग मोकळा सोडला. त्यानंतरचेच दर मी खरे धरतो. मात्र जुना कंपनी हिशेब किंवा कोर्टाचं काम असेल तर दर सरकारीच लावायचा, बाजारातला नाही. म्झेंनीही तोच लावला होता.

आणि उसनवारी ज्या चलनात दिली, त्याच चलनात लिहून ठेवा. नैरोबीने ते एक लाख केनियन शिलिंगातच मांडून ठेवले असते, तर विचारायला काही उरलंच नसतं. ही चूक मुख्य कचेरीची होती, कंपालाची नाही. साडू हे अजून मानत नाहीत, लग्नकार्यात भेटले की "तुझ्या म्हाताऱ्याचा घोळ" असंच म्हणतात.

तुमचा तक्ता दुरुस्त झाला की १९६६ ते १९८८ एवढा भाग इथे टाकाल का, जुने आणि नवे शिलिंग शेजारी शेजारी? पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुंज आहे. साडू येणार आहेत, आणि तो कागद मला त्यांच्या हातात द्यायचा आहे.