०.९ टक्के सलाईन आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज: जास्त संहत द्रावण कोणते?

वजनाने आणि मोलने (रेणूंची संख्या मोजायचं एकक) मोजलंत तर डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज साखरेचं द्रावण. पण विरघळलेले कण मोजलेत तर सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, किंचित पुढे. या बाटल्यांवरची टक्केवारी म्हणजे १०० मिलीमध्ये किती ग्रॅम, एवढंच. त्यामुळे दोन वेगळ्या पदार्थांची तुलना करताना नुसते टक्के बघू नका, आधी मोल काढा:

- मीठ: १ लिटरमध्ये ९ ग्रॅम, रेणुवस्तुमान (एका मोलचे ग्रॅम) ५८.४४, म्हणजे सुमारे ०.१५४ मोलर (लिटरला इतके मोल).
- डेक्स्ट्रोज (निर्जल): १ लिटरमध्ये ५० ग्रॅम, रेणुवस्तुमान १८०.१६, म्हणजे सुमारे ०.२७८ मोलर.

टक्क्यांतला साडेपाच पटींचा फरक इथेच दुपटीच्याही खाली येतो. आता खरी गंमत. मीठ पाण्यात सोडियम आणि क्लोराइड अशा आयनांत (विद्युतभारित कणांत) फुटतं, म्हणून एका मोलमागे दोन मोल कण मिळतात: लिटरला ३०८ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचे हजारांश मोल). डेक्स्ट्रोजचा रेणू अख्खाच राहतो, त्याचे २७८. तांबड्या पेशींना पाणी आत ओढायचं की बाहेर सोडायचं हे कणांच्या संख्येवर ठरतं, वजनावर नाही. म्हणूनच दिसायला इतकी वेगळी असलेली ही दोन्ही द्रावणं बाटलीत असताना रक्ताशी साधारण समपरासारी (पाणी ओढण्याची ताकद सारखी असलेली) मानतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: ३०८ हा आकडा आयन एकमेकांपासून पूर्ण मोकळे आहेत असं धरून काढलेला आहे. प्रत्यक्षात ते एकमेकांना थोडं ओढतात, त्यामुळे मोजून येणारी किंमत २८६च्या आसपास भरते.