पंचेचाळिशीनंतरचा प्रश्न सोळाव्या वर्षी

प्रश्न : माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीला तिला ९३ टक्के गुण होते. लोणारच्या सहलीपासून ती दगड गोळा करते, आणि शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर जाऊन आल्यापासून अंतराळवीर व्हायचे म्हणते. त्यासाठी तिला भूविज्ञानात पदवी घ्यायची आहे. अंतराळवीराची कारकीर्द पंचेचाळिशीत संपते. पुढे काय, याचे उत्तर तिच्यापाशी नाही. मी तिला साठाव्या वर्षापर्यंतच्या उत्पन्नाचा तक्ता करून दाखवला. आता ती हा विषय काढत नाही, म्हणजे तिला पटले असावे. संगणक अभियांत्रिकीच योग्य, हे आपणही तिला समजावून सांगावे.
– एक पालक, चिखली

उत्तर : आपल्या पत्रातील ‘आता ती हा विषय काढत नाही, म्हणजे तिला पटले असावे’ या वाक्याने मला अस्वस्थ केले. सोळा वर्षांची मुलगी वडिलांच्या तक्त्यापुढे गप्प झाली, याचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावला आहे. ज्या घरात उत्तर आधीच ठरलेले असते, तेथे मुले वाद घालणे सोडून देतात. पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात विषय राहू लागले की तेच आईवडील ‘आम्हाला कधी बोललाच नाही’ अशी तक्रार घेऊन समुपदेशकाकडे येतात. शिवाय आपण मला सल्ला विचारलेलाच नाही. आपला निर्णय माझ्या तोंडून वदवून घेण्याची विनंती केली आहे. ती मला मान्य करता येणार नाही.

अंतराळवीर ही पदवीनंतर लागणारी आणि पंचेचाळिशीत सुटणारी नोकरी आहे, या गृहीतकावर आपला सारा तक्ता उभा आहे, आणि ते गृहीतकच चुकीचे आहे. एखाद्या क्षेत्रात आधीच मुरलेल्या माणसावर सोपवलेली ही जबाबदारी असते, आणि ती संपल्यावर बहुतेकांना त्या मूळ क्षेत्राचाच आधार मिळतो. राकेश शर्मा १९८४ मध्ये सल्यूत-७ या स्थानकावर गेले तेव्हा ते हवाई दलाचे वैमानिक होते; १९८७ मध्ये ते हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये आले आणि १९९२ पर्यंत आपल्याच राज्यात, नाशिक विभागात, मुख्य चाचणी वैमानिक होते. आपल्या मुलीच्या दृष्टीने कॅथरिन सलिव्हन यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. अटलांटिकच्या समुद्रतळाचा अभ्यास करून त्यांनी १९७८ मध्ये भूविज्ञानात पीएच.डी. मिळवली, त्याच वर्षी नासाने त्यांची निवड केली, आणि १९८४ मध्ये अवकाशात यानाबाहेर पडून काम करणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला ठरल्या. १९९३ मध्ये नासा सोडल्यावर त्या पुन्हा समुद्राकडे वळल्या : अमेरिकेच्या महासागर व वातावरणविषयक राष्ट्रीय संस्थेच्या आधी मुख्य शास्त्रज्ञ, पुढे प्रमुख, आणि २०२० मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, मारियाना गर्तेच्या तळाशी जाऊन आल्या. पंचेचाळिशीचे म्हणाल तर शुक्ला ज्या मोहिमेत गेले तिच्या प्रमुख पेगी व्हिटसन त्या वेळी ६५ वर्षांच्या होत्या, आणि नासातून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षे झाली होती.

आपल्या तक्त्यात न बसणारी एक अडचण मात्र खरी आहे. चंद्रावरून परतल्यानंतर आलेले नैराश्य आणि जडलेले मद्याचे व्यसन यांविषयी बझ ऑल्ड्रिन यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. सारे आयुष्य एकाच उड्डाणावर लावले, की ते झाल्यानंतरही माणूस रिकामा होऊ शकतो. मग ते कधी झालेच नाही तर काय होईल, याचा विचार आपल्या मुलीनेही करायला हवा.

कारण न होण्याचीच शक्यता फार मोठी आहे. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. नासाला अमेरिकेचे नागरिकत्व लागते, आणि तेथेही २०१७ च्या निवडीत १८,३०० हून अधिक अर्जांतून १२ जण घेतले गेले. तिला काहीही करून अवकाशातच जायचे असेल, तर आज भारतात भूविज्ञानाच्या पदवीपेक्षा हवाई दलाची वाट जवळची आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, म्हणजे एनडीएचे, दरवाजे २०२२ पासून मुलींनाही खुले झाले आहेत.

परंतु तिला खरी ओढ दगडांची असेल, तर आपण चुकीच्या व्यवसायाचा तक्ता केला आहे. भूवैज्ञानिकाला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे, ज्यासाठी संघ लोकसेवा आयोगाची स्वतंत्र परीक्षा असते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, खाणी आहेत, धरणे आणि बोगद्यांची कामे आहेत. आणि आपण तर बुलढाणा जिल्ह्यात राहता! बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले लोणारसारखे विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. चंद्र आणि मंगळावरील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात. आपली मुलगी त्या विवरातून दगड घेऊन आली आणि तिला अवकाश आठवले, यात मला तरी वेडेपणा दिसत नाही. (लोणार संरक्षित आहे, तेव्हा तेथून दगड आणू नयेत, एवढे मात्र तिला जरूर सांगा.)

तिला एकच प्रश्न विचारा : अवकाशात जाण्याची संधी कधीच मिळाली नाही, तरी तुला भूविज्ञान शिकायचे आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर तिला शिकू द्या. उत्तर ‘नाही’ असेल, तर पदवीचा विषय पुन्हा ठरवावा लागेल. पण तेव्हाही संगणक अभियांत्रिकी आपोआप योग्य ठरत नाही. विचारताना तक्ता समोर ठेवू नका, आणि उत्तराला तिने आठवडा घेतला तर घेऊ द्या. यापुढचे पत्र तिने लिहावे, आणि ते आपल्याला न दाखवता पाठवले तरी चालेल.