पहिल्यांदाच मुलांना घेऊन केनियातल्या मसाई मारा-अंबोसेलीच्या जंगल सफारीला चाललात? मग फोटोंसाठी एवढंच करा

अहो, नवीन कॅमेऱ्याच्या मागे लागू नका, आहे तोच चालेल, फक्त १००-४०० मिमीसारखी, लांबचं जवळ आणणारी एक झूम लेन्स भाड्याने मिळाली तर बघा आणि जायच्या आधी महिनाभर घराजवळच्या बगळ्यांवर, घारींवर हात बसवा, कारण सिंह समोर आल्यावर बटणं शोधत बसलात तर तो काही थांबत नाही.

तिथे गेल्यावर:
- पळणाऱ्या प्राण्याला शटर स्पीड १/१००० सेकंद तरी हवाच, आयएसओ (प्रकाश कमी पडला तर फोटो उजळ करणारं सेटिंग) ऑटोवर टाका. थोडा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, चालतो, हललेला फोटो नाही.
- बीनबॅग (लेन्स टेकवायची छोटी पिशवी) रिकामी न्या, तिथे तांदूळ भरा. फोटो काढताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा.
- धूळ बेक्कार, गाडीत लेन्स बदलू नका. कॅमेरा झाकायला उशीची खोळ न्या, केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे.

सुरुवातीला सगळे एकच चूक करतात, नुसती तोंडं झूम करून टिपत बसतात. अंबोसेलीतून ५८९५ मीटरचा किलीमांजारो (आहे टांझानियात, पण इथून दिसतो झकास) बहुतेक वेळा सकाळी लवकरच मोकळा असतो, मग ढग येतात, तेव्हा नाश्ता मागाहून, आधी बाहेर पडा आणि हत्ती छोटे ठेवून मागे अख्खा डोंगर येऊ द्या, घरी मोठा करून लावाल तो हाच फोटो.

मुलांच्या हातात दुर्बीण द्या, आमच्या ट्रिपला चित्ता आधी लेकीलाच दिसला होता! आणि ड्रायव्हरला अजून जवळ घ्या म्हणून मागे लागू नका प्लीज, चित्ता दिवसा शिकार करतो, गाड्यांच्या गराड्यात ती हुकते आणि पिल्लं उपाशी राहतात.

रॉ, हिस्टोग्राम वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नका.