बायोप्सीत 'फक्त फायब्रोसिस' आलं, म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सर नाही का?

स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ आहे, बायोप्सीच्या रिपोर्टवर 'फायब्रोसिस, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' असं लिहिलंय, तरी डॉक्टर कॅन्सरचाच संशय धरून आहेत, असं का? आणि फायब्रोसिस, म्हणजे हा व्रणासारखा तंतुमय भाग, औषधाने विरघळवता येतो का? असे तुमचे दोन प्रश्न. पहिल्याचं थोडक्यात उत्तर: त्या ओळीचा अर्थ 'कॅन्सर नाही' असा होत नाही. दुसऱ्याचं: प्रयत्न बरेच झाले, त्यातले काही अंगावर आले.

या अवयवाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे डक्टल अ‍ॅडिनोकार्सिनोमात, गाठीचा मोठा हिस्सा कॅन्सरच्या पेशींचा नसतोच. अनेक गाठींमध्ये निम्म्याहून अधिक, कधी ८० ते ९० टक्के भाग कोलॅजन, हायल्युरोनन आणि ते तयार करणाऱ्या पेशींनी व्यापलेला असतो. स्वादुपिंडात स्टेलेट पेशी असतात. एरवी त्या जीवनसत्त्व अ चे थेंब पोटात ठेवून शांत असतात. कॅन्सरच्या पेशींकडून टीजीएफ-बीटासारखे संदेश आले की त्या जाग्या होतात आणि कोलॅजन ओतत सुटतात. जुनाट पँक्रियाटायटिसमध्येही (स्वादुपिंडाच्या जुनाट दाहात) याच पेशी हेच काम करतात. निदानातला सगळा घोळ इथून सुरू होतो.

आता सुई. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडमधून (तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या सोनोग्राफीतून) घेतलेला नमुना या तंतुमय भागातलाच आला, तर स्लाइडवर फायब्रोसिसच दिसणार. म्हणून रिपोर्ट हातात घेतल्यावर आधी हे पाहा: सुई कोणती होती (फक्त पेशी ओढून घेणारी एफएनए, की ऊतीचा तुकडा काढणारी एफएनबी), गाठीत किती वेळा घातली, आणि नमुना 'पुरेसा' होता असं लिहिलंय का. एफएनबीला साधारण २-३ वेळा, एफएनएला जागेवर पेशी तपासायची सोय नसेल तर ३-४ वेळा सुई घालावी असा संकेत आहे. प्रत्येक वेळी ती गाठीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत फिरवावी लागते. एकाच रेघेत वरखाली केली की तोच तंतुमय पट्टा पुन्हा पुन्हा हाती येतो. पहिला नमुना एफएनएचा आणि तुटपुंजा असेल, तर एफएनबीने पुन्हा घ्यायला सांगणं अगदी रास्त आहे. आहे त्या स्लाइड दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवणंही तितकंच.

पॅथॉलॉजिस्ट मुळात रचना पाहतो. जुनाट पँक्रियाटायटिसमध्ये ग्रंथी आक्रसतात, पण त्यांचे गुच्छ, म्हणजे लोब्यूल, जागेवर ओळखू येतात. कॅन्सरमध्ये ग्रंथी अस्ताव्यस्त पसरतात, अर्धवट उघड्या असतात, नसेभोवती किंवा जाड भिंतीच्या रक्तवाहिनीला खेटून दिसतात, आणि एकाच ग्रंथीतल्या शेजारशेजारच्या पेशींची केंद्रकं आकाराने चौपट लहानमोठी असू शकतात. सुईच्या बारीक तुकड्यात ही रचना पुरेशी दिसत नाही, तेव्हा एसमॅड४ आणि पी५३ या प्रथिनांसाठीचे विशेष रंग मदतीला येतात. अर्ध्याहून थोड्या अधिक कॅन्सरमध्ये एसमॅड४ नाहीसं झालेलं असतं. म्हणजे ते नसलं तर संशय पक्का होतो. असलं म्हणून कॅन्सर बाद होत नाही.

सीटीबद्दल एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. तंतुमय गाठीत रक्तवाहिन्या कमी आणि दबलेल्या असतात, म्हणून डाय दिल्यावर साधारण ४०-४५ सेकंदांच्या टप्प्यात ती आजूबाजूच्या स्वादुपिंडापेक्षा काळपट दिसते. हा टप्पा न घेता पोटाचा साधा सीटी केला तर लहान गाठ सुटू शकते. सीटी 'पँक्रियास प्रोटोकॉल'चा, आणि शक्यतो पित्तनलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी नळी) घालण्याआधीचा हवा. नंतर स्टेंटची छाया आणि भोवतालची सूज गोंधळ वाढवतात. सीए १९-९ (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा घटक) सुद्धा कावीळ उतरल्यावर पुन्हा तपासा. तुंबलेल्या पित्तामुळे तो वाढतो, आणि ५ ते १० टक्के लोकांच्या शरीरात तो तयारच होत नाही.

कॅन्सरची हुबेहूब नक्कल करणारा एक आजार मात्र खरोखर वगळावा लागतो: ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडाचा केलेला दाह. यातही फायब्रोसिस, गाठ आणि कावीळ असते, पण स्टेरॉइडने तो ओसरतो. रक्तातला आयजीजी४ (एक अँटिबॉडी) सामान्य मर्यादेच्या दुपटीहून जास्त असेल तर पारडं तिकडे झुकतं. किंचित वाढलेल्या आकड्यावर विसंबू नका, कारण कॅन्सरच्या सुमारे दहातल्या एका रुग्णातही तो थोडा वाढलेला असतो. स्टेरॉइडची चाचणी साधारण २ आठवड्यांची, नंतर लगेच स्कॅन, आणि तीही बायोप्सीने कॅन्सर शोधून झाल्यावरच. 'देऊन तर बघू' म्हणत महिना-दोन महिने काढणं मला धोक्याचं वाटतं.

गाठ सरळ काढता येण्यासारखी असेल आणि संशय दाट असेल, तर बायोप्सी निगेटिव्ह असूनही सर्जन ऑपरेशन सुचवतात. ते मान्य पद्धतीत बसतं. केमो आधी द्यायची असेल तर मात्र पेशींचा पुरावा हवाच.

विरघळवण्याबद्दल. दाट ऊतीत दाब वाढून रक्तवाहिन्या चेपतात, औषध आत पोचत नाही, म्हणून भिंत पाडा, हा विचार सरळ होता. २००९ मध्ये उंदरांमध्ये हेजहॉग नावाचा पेशींमधला संदेश रोखल्यावर जेमसिटाबिन हे केमोचं औषध गाठीत जास्त पोचलं. माणसांवरची चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची तब्येत जास्त बिघडत होती. २०१४ मध्ये उंदरांवरच्याच कामातून दिसलं की या तंतू बनवणाऱ्या पेशी काढून टाकल्या तर कॅन्सर अधिक आक्रमक होतो. म्हणजे हाच व्रण त्याला काही अंशी आवरूनही धरतो. हायल्युरोनन तोडणारं पेगपीएच२० तर मोठ्या चाचणीत पडलं: केमोसोबत ते घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ११.२ महिने, नुसती केमो घेणाऱ्यांचं ११.५. फॉलफिरिनॉक्स या अनेक औषधांच्या केमोसोबत दिल्यावर तर ७.७ विरुद्ध १४.४, म्हणजे चक्क नुकसान. लोसार्टन या ब्लडप्रेशरच्या औषधावर ४९ रुग्णांचा एक आशादायक अभ्यास आहे, पण त्यात तुलनेचा गटच नव्हता. त्याच्या भरवशावर ही गोळी स्वतःहून सुरू करू नका. केमोत जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेलं असताना ती बीपी पाडते आणि किडनीवर ताण आणते.

पुढे केमो झाली तर एक प्रसंग हमखास येईल: सीए १९-९ उतरलेला, वजन सावरलेलं, आणि सीटीवर गाठीचा धमनीभोवतीचा वेढा तसाच. मेलेल्या कॅन्सरच्या जागी व्रणच उरतो आणि सीटीला जिवंत पेशी आणि व्रण यांतला फरक कळत नाही. म्हणून 'गाठ आक्रसली नाही, ऑपरेशन नाही' असं कुणी फक्त स्कॅनवरून सांगितलं, तर ही ऑपरेशनं नियमित करणाऱ्या सर्जनचं मत घ्या. ते पोट उघडल्यावर धमनीजवळचा तुकडा फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला) पाठवून ठरवू शकतात.

ऑपरेशनच्या टेबलावर मात्र फायब्रोसिस सर्जनच्या बाजूने असतो. कडक झालेल्या स्वादुपिंडात टाके नीट बसतात; मऊ ग्रंथी आणि ३ मिमी किंवा त्याहून बारीक नलिका असेल तर स्वादुपिंड आतड्याला जोडलेल्या जागेतून रस गळण्याचा धोका वाढतो. ऑपरेशननंतरच्या सर्जरी नोटमध्ये ग्रंथी कडक की मऊ आणि नलिका किती मिलिमीटर, हे लिहिलेलं असतं. ड्रेन (पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी) कधी काढणार हे विचारताना तेच आधी वाचा.