क्लबचा इतिहास लिहायला घेतेस म्हणून

प्रिय पोरी,

तुमच्या लंडनच्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल क्लबच्या कमिटीने इतिहास लिहायचं काम तुझ्यावर सोपवलं, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेला आराखडाही पाहिला. आधी 1916चा सामना, मग एकदम 1989, त्यानंतर वर्षावार करंडक आणि शेवटी अध्यक्षांची यादी. माझं स्पष्ट मत आहे की हा आराखडा बाजूला ठेवावास. का, ते सांगतो.

1916चा सामना भुरळ घालतो, हे मला कळतं. 28 ऑक्टोबरचा दिवस, लंडनच्या वेस्ट केन्सिंग्टनमधलं क्वीन्स क्लबचं मैदान. जनरल मोनॅश यांच्या हाताखालची ऑस्ट्रेलियाची तिसरी डिव्हिजन तेव्हा सॅलिस्बरी प्लेनवर युद्धाची तयारी करत होती. एका बाजूला तिचा संघ, दुसऱ्या बाजूला प्रशिक्षण तुकड्यांचा. पैसा जाणार होता रेड क्रॉसला, आणि प्रिन्स ऑफ वेल्स स्वतः पाहायला आले होते. तिसऱ्या डिव्हिजनने 6.16 (52) विरुद्ध 4.12 (36) असा, म्हणजे 52 विरुद्ध 36 गुणांनी, सामना जिंकला. त्यांचा कर्णधार ब्रूस स्लॉस, साउथ मेलबर्नचा नावाजलेला खेळाडू, पुढच्याच जानेवारीत फ्रान्समध्ये मारला गेला. त्या दिवशीची चित्रफीत आजही पाहता येते, आणि ती बघताना गळा दाटून येतो.

पण ती मुलं तुमच्या क्लबचे पूर्वज नव्हेत. त्या सामन्यातून लंडनमध्ये एकही क्लब उभा राहिला नाही. ती गेली लढाईवर, आणि बरीचशी परतली नाहीत. त्यांचा मान राखायचा तर त्यांना तुमच्या पहिल्या पानावर आणून बसवू नकोस. परदेशातले क्लब आपलं वय वाढवायला असे धागे जोडतात, आणि मला ते मनापासून खटकतं. तुमचा क्लब 1989 नंतरचा आहे. त्यात उणेपणा कसला?

तिथूनच सुरुवात कर. 1980च्या दशकातलं लंडन डोळ्यांसमोर आण. अर्ल्स कोर्टात इतके ऑस्ट्रेलियन राहायचे की त्या भागाला कांगारू व्हॅली म्हणत. तरुण पोरं, दोन वर्षांचा कामाचा व्हिसा, एका खोलीत चौघं-पाचजण. ऑक्टोबर 1987मध्ये ओव्हलच्या क्रिकेट मैदानावर कार्लटन आणि नॉर्थ मेलबर्न हे मेलबर्नचे दोन क्लब प्रदर्शनी सामना खेळले आणि त्यात एवढी मारामारी झाली की लोक अजून तिची आठवण काढतात. दोन वर्षांनी, 1989मध्ये, ब्रिटिश ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल लीग स्थापन झाली. पहिला हंगाम 1990चा. वेस्ट लंडन वाइल्डकॅट्ससारखे क्लब त्याच काळातले. पुढे त्या लीगचं नाव एएफएल लंडन झालं. एवढं दोन परिच्छेदांत सांगून टाक आणि मैदानावर ये, कारण तुमचा खरा इतिहास मैदानात आहे.

या खेळाला लंबगोल मैदान लागतं, लांबी 135 ते 185 मीटर. दोन्ही टोकांना चार-चार खांब, संघात अठरा जण. एवढी मोकळी जागा लंडनमध्ये कोण देणार? हिवाळ्यात मैदानं सॉकर आणि रग्बीची. म्हणून मेलबर्नमध्ये थंडीत खेळला जाणारा हा खेळ लंडनमध्ये उन्हाळ्यात गेला. तिथे क्रिकेटवाले आधीच ठाण मांडून असतात, आणि त्यांच्या खेळपट्टीवर स्टडचे बूट घालून अठरा-अठरा माणसं धावणार म्हटल्यावर कोण राजी होईल? गंमत म्हणजे हा खेळ सुरूच झाला क्रिकेटसाठी. 1858मध्ये क्रिकेटपटू टॉम विल्सने मेलबर्नच्या वर्तमानपत्रात पत्र लिहून फुटबॉल क्लब काढायला सांगितलं, ते क्रिकेटपटूंचं शरीर हिवाळ्यात सैल पडू नये म्हणून. नियम पुढच्या वर्षी, मे 1859मध्ये लिहिले गेले. तो विल्स शिकला होता इंग्लंडमध्ये, रग्बी शाळेत. ज्या देशात त्याने चेंडूमागे धावायला सुरुवात केली, तिथेच त्याच्या खेळाला क्रिकेटच्या ऋतूत जागा शोधावी लागली. यावर एक अख्खं प्रकरण लिही.

त्यासाठी करंडकांच्या कपाटात काही मिळणार नाही. जमाखर्चाच्या वह्या काढ. मैदानाचं भाडं कुणाला दिलं, कोणत्या वर्षी एकदम वाढलं, कोणत्या हंगामात पावती दुसऱ्याच पार्कची आहे, ते बघ. आठ खांब कुणाच्या गाडीतून यायचे, कुणाच्या घरामागे ठेवलेले असायचे, हे विचार. महाराष्ट्र मंडळांच्या अहवालांत शेवटी 'ज्ञात-अज्ञात हातांचे आभार' असं एक वाक्य असतं, आणि संस्था चालवलेली असते त्या अज्ञात हातांनीच. तू त्यांची नावं शोध. छापण्याआधी मात्र प्रत्येकाची परवानगी घे.

आता सगळ्यात अवघड भाग. लंडनच्या अशा क्लबात माणूस टिकत नाही. व्हिसा संपला की पुढच्या फळीतला सेंटर हाफ फॉरवर्ड गेला, खजिनदार गेला, आणि त्याच्याबरोबर बँकेच्या खात्यावरची सही गेली. इतर क्लबांच्या इतिहासात कोण आलं याला महत्त्व असतं. तुमच्या इतिहासात मला वाचायचंय की कोण जाताना काय देऊन गेलं, आणि कुणाच्या हातात. लंडनमध्ये लग्न करून राहिलेले दोघं-तिघं प्रत्येक क्लबात असतात. त्यांना आधी गाठ. शिवाय पहिला इंग्लिश मुलगा संघात कधी आला, पहिला आयरिश कधी, महिलांचा संघ उभा करताना कमिटीत कोण बाजूने बोललं, हे इतिवृत्तांत असेल. नसेल, तर लोक जिवंत आहेत तोवर विचारून घे.

डेन्मार्कचं उदाहरण समोर ठेव. तिथली लीग 1991ची, म्हणजे तुमच्याच पिढीतली. पण ऑस्ट्रेलियनांची गर्दी थोडी, म्हणून डॅनिश मुलांना खेळ शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 2002मध्ये मेलबर्नला पहिला इंटरनॅशनल कप झाला तेव्हा डेन्मार्क त्यात उतरला. त्या स्पर्धेत परदेशी राहणाऱ्या ऑस्ट्रेलियनांना जागा नव्हती, देशाच्या संघात त्या देशात वाढलेलेच हवे असत. 2008मध्ये भारताचा संघही तिथे खेळला, हे तुला माहीत असेलच. लंडनमध्ये ऑस्ट्रेलियन इतके मुबलक होते की स्थानिकांना शिकवण्याची निकड भासली नाही. माझ्या मते लंडनच्या क्लबांची ही उणीव आहे. तुला पुरावा सापडला तर मोकळेपणाने लिही, कमिटीला आवडो न आवडो.

आकड्यांबद्दल एक युक्ती सांगतो. फुटीत, म्हणजे तुमच्या या खेळात, गोलचे सहा गुण, आणि बिहाइंडचा, म्हणजे चेंडू मधल्या दोन खांबांऐवजी बाजूच्या खांबाच्या आतून गेला तर, एक. म्हणून प्रत्येक धावफलक स्वतःच तपासता येतो. 6.16 म्हणजे छत्तीस अधिक सोळा, बावन्न. जुन्या बातमीपत्रात बेरीज जुळत नसेल तर कुणीतरी उतरवताना चूक केलीय. तो आकडा दुसरीकडे मिळेपर्यंत छापू नकोस. अशा फलकांतून खेळही दिसतो. सहा गोल आणि सोळा बिहाइंड म्हणजे चेंडू सारखा खांबांपर्यंत येत होता, पण नेम बसत नव्हता.

आणि स्वतःला वगळू नकोस. ठाण्यात वाढलेली, तोवर लंबगोल चेंडू हातातही न धरलेली मुलगी या संघात कशी आली, तिला मार्क घ्यायला, म्हणजे लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलायला, कुणी शिकवलं, हे क्लबच्या इतिहासातलंच पान आहे. तू ते लाजून गाळशील, म्हणून आत्ताच बजावतो.

मैदानाचं प्रकरण आधी लिहून पाठव. वह्यांचे फोटोही जोड. अक्षर लागत नसेल तिथे आपण दोघं फोनवर बसू. रविवारी सकाळी मी मोकळा असतो.

तुझा,
काका